एकही मोठा चषक न जिंकता आणि इंग्लंडचा फुटबॉल संघ न सांभाळताही ब्रायन क्लफ एवढे मोठे प्रशिक्षक का मानले जातात?

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचं पद त्यांना कधीच मिळालं नाही, हे खरं. पण मोठे चषक त्यांनी भरपूर जिंकले.

गुडघ्याच्या दुखापतीने खेळाडू म्हणूनची कारकीर्द अकाली संपली आणि 1965 मध्ये, तिशीतच, ते हार्टलपूल क्लबचे प्रशिक्षक झाले. पुढे डर्बी काउंटी क्लबला त्यांनी दुसऱ्या श्रेणीतून वर आणून 1972 मध्ये थेट इंग्लंडच्या अव्वल लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. लीड्स क्लबमध्ये मात्र जेमतेम 44 दिवस टिकले. खेळाडूंशी पटलंच नाही.

खरी कमाल त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबमध्ये केली. 1977 मध्ये वरच्या श्रेणीत आले, 1978 मध्ये लीग विजेते, आणि 1979 व 1980 मध्ये लागोपाठ युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा! दहा लाख पौंडांचा ट्रेव्हर फ्रान्सिस आणला, त्याच्या पत्रकार परिषदेला क्लफ स्क्वॉशची रॅकेट हातात घेऊन आले. त्याच फ्रान्सिसने 1979 च्या युरोपियन कपच्या म्युनिकमधल्या अंतिम सामन्यात जॉन रॉबर्टसनच्या क्रॉसवर हेडरने एकमेव गोल केला. क्लफ यांचे सहायक प्रशिक्षक पीटर टेलर यांची खेळाडू हेरण्याची नजर नसती तर हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. टेलर यांनी क्लब सोडल्यावर फॉरेस्टने लीग कप (देशांतर्गत बाद फेरीची स्पर्धा) जिंकले, पण युरोपियन कप पुन्हा नाही. 1993 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि क्लफ निवृत्त झाले.