‘मुडदा पाडीन’, ‘फास घे’ असं गमतीत बोललं तर काय चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मूळचे लातूरचे, पुण्यात एका कंपनीत टीम लीड. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही एका सहकारी मुलीला लिहिलंत, “उद्या रिपोर्ट नाही आला तर मुडदा पाडीन तुझा.” तिनं सबब सांगितल्यावर पुढं लिहिलंत, “मग जाऊन फास घे.” दोन्हीकडं हसणारे चेहरे टाकले होते. तिनं वर तक्रार केली. तुमचं म्हणणं, आमच्या मराठवाड्यात उठता-बसता असंच बोलतात, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

मी औसा तालुक्यातला. सतरा वर्षांपासून माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध विकतो. दिवसभर आपल्याच भागातल्या माणसांचं बोलणं कानावर असतं, म्हणून लिहावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगतो. पहिलं वाक्य तुम्ही तुमच्या दोस्ताला म्हटलं असतं तर मला काहीच वाटलं नसतं. दुसरं कुणालाच म्हणू नका, दोस्तालाही नाही.

आपली भाषा मारामारीनं भरलेली आहे हे खरंच आहे. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, मिठीसुद्धा मारतोच. कुणी डोकं खातं, कुणी वेळ मारून नेतं, गिऱ्हाईक नसलं की आम्ही दुकानात माशा मारतो. यातल्या कशालाच आता धार नाही. माझी आजी ताटात भाकरी टाकताना “गिळ मुडद्या” म्हणायची. खेळून उशिरा आलो की “कुठं मेला होतास?” आणि फारच तापली तर “पटकी आली तुला!” पटकी म्हणजे कॉलरा. कधीकाळी या शब्दानं ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येत असणार, कारण पटकी आली की घरंच्या घरं रिकामी व्हायची. आम्हाला त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. आम्हाला आजीचा खरा राग ओळखता यायचा तो वेगळ्याच गोष्टीवरून. ती “या साहेब, बसा, जेवा” असं अहो-जाहो करायला लागली की आम्ही भिंतीला टेकून गप्प उभे राहायचो.

म्हणजे मुडद्या हा शब्द मायेचा होऊ शकतो. माझी आई आज माझ्या पोराला तेच म्हणते आणि मी तिला कधी अडवलेलं नाही.

पण आजीची आणखी एक धमकी होती, “उकिरड्यात गाडीन तुला.” ती कशी बंद झाली ते सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली घरं माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून तशी बांधलेली ती घरंच झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद असे दोन जिल्हे मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुरती उद्ध्वस्त झालेली ५२ गावं उठवून दुसऱ्या जागी वसवावी लागली. माझ्या मावशीचं सासर त्यातल्याच एका गावात होतं. त्या घरातली पाच माणसं गेली, मावशी आणि तिचा मोठा मुलगा तेवढे वाचले. दोघं आमच्याकडं राहायला आले. आमच्याही घराच्या भिंती फाटल्या होत्या, म्हणून सगळेच पत्र्याच्या शेडमध्ये.

तीनेक महिन्यांनी मी आणि मावसभाऊ शेडपुढं गोट्या खेळत होतो. त्यानं डाव खोटा केला आणि मी आजीच्याच सुरात ओरडलो, “गाडून टाकीन तुला!” मावशी चुलीपुढं बसून काठवटीत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. अर्धी थापलेली भाकरी तिनं परत गोळा केली, पाण्याचा हात लावून पुन्हा मळली, पुन्हा थापायला घेतली. बोलली काहीच नाही. आजीनं मला मारलं नाही. जवळ बसवून हळूच म्हणाली, “ह्या घरात ह्यो शबूद आता न्हाई.” त्यानंतर तिच्याही तोंडून तो कधी आला नाही. मुडदा राहिला, पटकी राहिली, मेल्या राहिला. गाडणं तेवढं गेलं.

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण कोणती शिवी झिजून गुळगुळीत झालीय आणि कोणती आपल्याच घरात खरी होऊन बसलीय, हे तिला बरोबर कळलं होतं. तुम्ही “आमच्याकडे असंच बोलतात” म्हणता तेव्हा मला ती आठवते. आमच्याकडे असं बोलतात, आणि आमच्याकडे काय बोलायचं नाही हेही कळतं.

आता ‘फास घे’कडं येतो. ‘औषध पी’ आणि ‘विहीर जवळ कर’ ही त्याचीच भावंडं. मराठवाड्यात “अमक्यानं औषध घेतलं” असं नुसतं म्हटलं की कुणी विचारत नाही, कशाचं? तापाचं का खोकल्याचं? ऐकणारा सरळ गाडी काढतो आणि दवाखाना गाठतो. डब्यावर ‘विष’ छापलेलं असलं तरी आम्ही सगळे औषधच म्हणतो, आणि त्या एका शब्दाला आपल्या भागात दोन अर्थ येऊन चिकटलेत. २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला, अशी विभागीय आयुक्त कार्यालयाची नोंद आहे. रोजचे जवळजवळ तीन. या प्रत्येकाची पोरं आहेत, पुतणे आहेत, भाचे आहेत. शिकून ती पुण्याला जातात, तुमच्यासारख्या कंपन्यांत लागतात आणि घरी काय झालं ते कुणाला सांगत नाहीत.

माझ्या दुकानात पूर्वी हा विनोद रोजचा होता. पाऊस ओढ देतो, सोयाबीन उगवून जळतं, दुबार पेरणीसाठी माणूस उधारीवर बियाणं मागायला येतो आणि जाता जाता म्हणतो, “मालक, एक डबा मलाच द्या, पिऊन मोकळा होतो.” मी म्हणायचो, “रोख असंल तरच देतो.” बाकावरची चार माणसं हसायची. कुणी पुढं जोडायचा, “मेल्यावर लाख तरी येतील घरात.” म्हणजे शासनाची मदत, एक लाख रुपये: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तेही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. त्यावरही हसायचे. मीही हसायचो. माणूस हसतोय म्हणजे त्याचं मन हलकं होतंय, असं मला वाटायचं. काहींचं होतही असेल. दुःखावर विनोद करण्याचा हक्क ज्याचं दुःख त्याला आहेच. पण ते त्यानं म्हणणं आणि काउंटरच्या आतून मी म्हणणं यात फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

एका जुलैत ओळखीचे एक शेतकरी आले. सोबत मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, शाळेच्या खाकी पँटवरच आलेला. त्यांना तुरीवर मारायला औषध हवं होतं. मी डबा काउंटरवर ठेवला. ते म्हणाले, “मालक, ह्यातलं अर्धं तुरीला, अर्धं मला.” मी नेहमीचं बोललो, “रोख असंल तरच.” बाकावर हशा झाला. पोरगा हसला नाही. त्यानं पुढं होऊन डबा उचलला, पिशवीत घातला, आणि बापानं हात पुढं केला तरी दिला नाही. मोटारसायकलवर तो मागं बसला आणि ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो.

दोन वर्षांपूर्वी त्या पोराचा चुलता तसाच गेला होता. मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच्या मातीला गेलो होतो. त्या घरात जेवलेलो माणूस मी, आणि तरीही ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, कारण रोजचं होतं, सवयीचं होतं. ते शेतकरी आजही माझे गिऱ्हाईक आहेत, खुशाल आहेत. पण त्या दिवशी त्या पोरानं घरापर्यंतचे आठ किलोमीटर काय विचार करत काढले असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून कुणी तसं बोललं की मी हसत नाही आणि विषय बदलतही नाही. बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि सरळ विचारतो, “दाजी, गमतीनं म्हणलाव का खरंच मनात येऊलालंय?” असं उघड विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो अशी भीती मलाही होती. तसं होत नाही. बहुतेक जण म्हणतात, “आवो गंमत केली, मालक.” पण काही जण गप्प बसलेत. एक जण शटर ओढायची वेळ झाली तरी उठला नव्हता. त्याच्या भावाला फोन करून बोलावलं, मगच दुकान बंद केलं. १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर आधार देणाऱ्या सेवेचा नंबर काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि दोन-तीन जणांना मी स्वतः लावून दिलाय.

एक गोष्ट तुमच्या पहिल्या वाक्याबद्दलही आहे. ‘मुडदा पाडीन’ दोस्ताला चालतं असं मी वर म्हटलं, ते का? माझा लहानपणापासूनचा मित्र मला “खांडोळी करीन” म्हणतो, मी त्याला त्याच्या दुप्पट काहीतरी सुनावतो. हिशेब तिथंच फिटतो. आता दुसरं बघा. आमच्याकडं पूर्वी सालगडी असायचा. पाडव्याला साल ठरायचं, पैसे ठरायचे. वडील स्वभावानं चांगले. रात्रीचं पाणी द्यायचं असलं की त्याला हसत म्हणायचे, “झोपलास तर तंगडं मोडीन.” तोही हसायचा. तो आमच्याकडं नऊ सालं राहिला. त्या नऊ सालांत त्यानं एकदाही वडिलांना उलटून तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याला म्हणताच आलं नसतं. तेव्हा ते हसणं कशाचं होतं, हा प्रश्न लहानपणी मला पडला नाही, आता पडतो.

तुम्ही टीम लीड आहात. तिची सुट्टी, तिचं अप्रेझल तुमच्या हातात. त्या ग्रुपवर ती तुम्हाला “तुमचाच मुडदा पाडते” असं लिहू शकली असती का? लिहिलं असतं तर तुम्ही आणि बाकीचे हसला असतात का? याचं उत्तर मनाशी खरं द्या.

कायद्याचं विचाराल तर जिवे मारण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, पण त्याला घाबरवण्याचा हेतू लागतो. भांडणाच्या भरात ‘जाऊन मर’ म्हटलं, तेवढ्यानंच आत्महत्येस प्रवृत्त केलं असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २००२ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही गुन्हेगार आहात असं मी म्हणत नाही. पण तुम्ही विचारलं होतं ते योग्य-अयोग्य, आणि आपण गुन्हा नसलेलं किती तरी बोलणं आईपुढं, आजारी माणसापुढं, नुकत्याच विधवा झालेल्या बाईपुढं टाळतोच की.

आता तुम्ही काय करावं? माफी मागा. ग्रुपवर बोललात, तर ग्रुपवरच मागा. त्यात “आमच्याकडे असंच बोलतात” हे वाक्य घालू नका, “तुला वाईट वाटलं असेल तर” हेही नको. “फास घे म्हणालो ते चुकलं, पुन्हा म्हणणार नाही,” एवढं पुरे. ती का दुखावली, तिच्या घरी काही झालंय का, हे विचारायला जाऊ नका. सांगायचं असेल तर ती सांगेल, नसेल तर तो तिचा प्रश्न. आणि पुढच्या वेळी रिपोर्ट हवा असेल तर किती वाजता हवा ते लिहा.

दिवाळीला गावी आलात तर दुकानात या. दोस्तांच्या बाकावर ‘मुडद्या’ म्हणायला कुणी अडवणार नाही.