सत्तावीस लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही: बचत की चैन?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४३, वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १,६५,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाच्या २८,००० च्या हप्त्यासह घरखर्च ९५,०००, एसआयपी ३०,०००. एफडी ९ लाख. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला, घरात आई. दारात २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. आता मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची आहे, ऑन-रोड २७ लाख. जुन्या गाडीचे २ लाख, एफडीतले ८ लाख आणि १७ लाखांचं कर्ज, सात वर्षं, ९ टक्क्यांनी. शेवटी ते लिहितात, "बायको म्हणते ही चैन आहे, मी म्हणतो पेट्रोल वाचतं म्हणजे ही गुंतवणूकच."

वहिनींचं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. आता हिशेब.

तुम्ही स्वतः कामाला कंपनीच्या बसने जाता. गाडी चालते ती पत्नीच्या शाळेपर्यंत, बाजाराला, आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला बहिणीकडे. तुमच्याच आकड्यांप्रमाणे वर्षाला ११,००० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल ९७ रुपये धरलं तर वर्षाचं पेट्रोल साधारण ६६,७०० रुपयांचं. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून युनिटमागे साडेपाच किलोमीटर मिळाले, तर २,००० युनिट लागतील. सहा रुपये दराने १२,०००. म्हणजे वर्षाला ५४,७०० वाचले. ऐकायला छान वाटतं.

पण विमा? आज तुम्ही ११,००० भरता. एवढ्या किमतीच्या गाडीचा सर्वंकष विमा दुसऱ्या वर्षीही पन्नास-पंचावन्न हजारांच्या घरात जाईल, असं धरून चला. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टी विम्याच्या (दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या भागाच्या) हप्त्यात १५ टक्के सूट आहे खरी, पण महागडा भाग तो नव्हेच. म्हणजे ४४,००० इथे परत गेले. सर्व्हिसिंगमध्ये पाच-सहा हजार वाचतील. उरली निव्वळ बचत वर्षाला सोळा-सतरा हजार. त्यासमोर कर्जाचा हप्ता महिन्याला २७,३५१, म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांहून जास्त. सात वर्षांत नुसतं व्याजच ६ लाखांच्या आसपास. याला गुंतवणूक कसं म्हणायचं?

तुम्ही एवढीच मोठी डिझेल गाडी घेणारच असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे किलोमीटरमागे सात रुपये जातात, इथे एक-सव्वा. रोज फोंडा-मडगाव ये-जा करणाऱ्याला मी इलेक्ट्रिकच घ्यायला सांगेन. फक्त एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा एकूण कर ४० टक्क्यांवर आला, आधी तो उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जात होता. इलेक्ट्रिकवर तेव्हाही ५ होता, आजही ५ आहे. त्यामुळे दोन्हींच्या भावातलं अंतर थोडं कमी झालं आहे.

शोरूमवाल्याने तुम्हाला "कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत" सांगितली आहे. ती ८०ईईबी कलमाखालची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ती विसरा. उलट दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो, तो विवरणपत्रात परत मिळवता येतो. ते कोणी आवर्जून सांगत नाही.

मला खरी भीती हप्त्याची नाही. आज महिन्याला ४०,००० शिल्लक राहतात, हप्ता जाऊन १२,६०० राहतील. ओढाताण होईल, पण भागेल. भीती एफडीची आहे. ९ लाखांतले ८ काढले की घरात उरतो एक लाख, म्हणजे महिनाभराचा खर्च. सहा महिन्यांचे ५ लाख ७० हजार बाजूला हवेतच. आणि मुलगी आज दहावीत आहे. तिच्या कॉलेज प्रवेशाची फी तीन वर्षांच्या आत दारात उभी राहील, तेव्हा तुमचे हप्ते अर्धेही फिटलेले नसतील.

म्हणून माझा कौल: ही गाडी आत्ता नको. चवथीची (गणेश चतुर्थीची) ऑफर गेली तर जाऊ दे, पुढच्या चवथीलाही येते. आईला हॅचबॅकमध्ये चढ-उतार खरंच जमत नसेल, तर १६ लाखांपर्यंतची छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही बघा. एफडीतले ३ लाख, जुन्या गाडीचे २ आणि ११ लाखांचं कर्ज, तेही पाचच वर्षं. हप्ता २२,८३४, व्याज पावणेतीन लाखांच्या आत, आणि एफडीत ६ लाख शाबूत. बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही आता मिळते, भाव खूप कमी दिसतो. पण करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट असेल तर तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्याला ती तोट्यात जाईल.

मोठी बॅटरीही नको. पुण्याला जाताना वाटेत एक-दोनदा थांबून चहा प्यायचाच असतो, तेव्हा गाडीही चार्ज होईल. वर्षातल्या तीन फेऱ्यांसाठी बाकीचे ३५० दिवस जादा बॅटरीचं कर्ज का फेडायचं?

घरच्या चार्जिंगचं मात्र आधी बघा. रोजच्या तीस किलोमीटरला सहा युनिट लागतात, ते साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर दोन तासांत भरतात. त्यामुळे वॉल चार्जर आणि वीज खात्याकडून लोड वाढवणं, ही धावपळ लगेच नको. पण अर्थिंग तपासून घ्या. मी २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा पहिला आठवडा चार्जर सारखा बंद पडत होता. दोष गाडीचा नव्हता. आमची जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची), मे महिन्यात ठणठणीत कोरडी, अर्थिंगच लागत नव्हतं. नवा खड्डा खणून घेतल्यावर सुटलं. तुमचं घर जुनं आहे म्हणता, तेव्हा इलेक्ट्रिशियनचे पैसे बजेटमध्ये धरा.

बॅटरीच्या आजीवन वॉरंटीचं तुम्ही कौतुक केलं आहे. या वॉरंट्या पहिल्या खासगी मालकापुरत्या असतात, गाडी विकली की अटी बदलतात. पाच वर्षांनी विकायचा विचार असेल तर तिचा उपयोग तुमच्यापेक्षा जाहिरातीला जास्त.

आणि टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जा. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते, काहींत त्यामुळे मागच्या सीटवर गुडघे वर येतात. त्यांना तीनदा बसवा, तीनदा उतरवा, मग एक फेरी मारून विचारा.