घरदुरुस्ती : वाचक विचारतात

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये फळी लावण्यासाठी ड्रिलने भोकं पाडली. एका भिंतीत भोक ऐसपैस झालं, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) आत गरगर फिरते. खिडकीच्या वर मात्र बिट आत जातच नाही, टोक निळं पडलं. मशीन बदलावं का? (पिंपरी)

उत्तर : मशीन ठीक आहे, भिंती दोन जातींच्या आहेत. खाली पडणारी पूड पाहा. प्लास्टरचा १२–१५ मिमीचा थर संपल्यावर लाल पूड आली तर वीट. जोर न लावता बिट सरसर गेलं आणि मऊ, रवाळ, फिकट पूड आली तर हलका एएसी ब्लॉक (बारीक छिद्रांचा सिमेंटी ठोकळा). या ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) चालू ठेवला की भोकाच्या कडा ढासळतात. तुमचं तेच झालं आहे. हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा आणि ६० मिमी किंवा त्याहून लांब, या ब्लॉकसाठीचीच गिट्टी घ्या. बिघडलेल्या भोकात काड्या ठोकू नका. त्या फळीच्या वजनाने महिनाभरात सुटतात. दोन इंच बाजूला नवं भोक घ्या.

खिडकीवर लिंटेल असतं, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई. तिथे हॅमर चालूच हवा. तो बंद असला की बिट फक्त घासतं, तापतं आणि निळं पडतं. निळं झालेलं बिट टाकून द्या. दर दहा सेकंदांनी बिट बाहेर काढून पूड झाडा, पण तापलेल्या टोकावर पाणी ओतू नका. टोकाला बसवलेला कार्बाइडचा कठीण तुकडा तडकतो. घरगुती ५००–६०० वॅटचं मशीन काँक्रीटमध्ये रडतखडत चालतं. चार-सहा भोकंच असतील तर रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणलेला बरा. बिट अचानक अडलं आणि चमकदार चुरा आला तर सळई लागली आहे. ती कापायची नाही, भोक सरकवायचं.

माप : ८ मिमी गिट्टी, ८ मिमी बिट, ५ मिमी स्क्रू. गिट्टी ४० मिमीची असेल तर भोक ५० मिमी खोल. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीची खूण करा. सायकलच्या पंपाने भोकातली पूड उडवा (डोळे सांभाळून). बहुतेक जण हेच टाळतात आणि मग गिट्टी अर्ध्यातच अडते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक घेऊ नका, वायरिंगचा पाइप तिथूनच जातो.

प्रश्न : कुदळीचा दांडा सारखा ढिला होतो. रात्रभर पाण्यात ठेवला की दोन दिवस घट्ट राहतो, पुन्हा तेच. (तासगाव)

उत्तर : पाण्यानेच तो ढिला होतोय. फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दाबलं जातं आणि सुकल्यावर आधीपेक्षा बारीक होतं. कुदळ काढून दांडा सावलीत पूर्ण वाळवा. मग बारीक टोकाकडून कुदळ ओवून जाड टोकापर्यंत सरकवा आणि दांड्याचं जाड टोक खाली करून दगडावर आपटा; कुदळ स्वतःच्या वजनाने घट्ट बसते. तरी हलत असेल तर जाड टोकाला भोकाच्या निम्म्या खोलीइतकी करवतीची चीर घेऊन त्यात वाळक्या बाभळीची पाचर ठोका. खिळा ठोकलात तर दांडा उभा चिरेल.

प्रश्न : टेफ्लॉन टेप लावूनही नळ आट्यांतून गळतो. (फोंडा)

उत्तर : टेप उलटी गुंडाळली जात असणार. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून १०–१२ वेढे द्या. नळ बसवताना जास्त फिरला म्हणून मागे फिरवलात तर टेप फाटते. पुन्हा नवी लावा.