दोन कागदांचे बत्तीस तुकडे

जुलै संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. अमेरिकेतल्या चार्ली ओशील्ड्स या चित्रकाराने २०१६ साली जुलै हा जागतिक जलरंग महिना म्हणून सुरू केला. एकतीस दिवस, रोज एक जलरंगचित्र. त्याच्याही आधी, २००९ पासून, जेक पार्करने ऑक्टोबर महिना शाईच्या चित्रांसाठी असाच रूढ केला होता. कोल्हापुरात आम्ही नऊ जण २०१७ पासून जुलैचा नेम पाळतो. 'यंदा जुलै करणार ना?' एवढंच आम्ही एकमेकांना विचारतो. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण खालची बहुतेक उत्तरं मला या जुलै महिन्यांनी आणि माझ्या आठ सोबत्यांनी दिलेली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीला राहते, वय ४६. यंदा चौदा जणांच्या गटात रोज एक चित्र करायचं ठरवलं. अकरा चित्रं झाली आणि थांबले. सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांचं करून, स्वयंपाक आवरून बसेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, आणि मग काय काढायचं हेच सुचत नाही. गटातली एक मुलगी रोज पूर्ण व्यक्तिचित्र करते. ते पाहिलं की माझं चित्र दाखवायची लाज वाटते. आता उरलेला महिना सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका. पहिल्या वर्षी मी नवव्या दिवशी थांबले होते, आणि माझ्या घरी तर अंथरुणावरचं माणूसही नव्हतं. माझी चूक कागदाच्या आकारात होती. मी रोज पाव शीट घ्यायचे, म्हणजे ११ बाय १५ इंच. एवढा कागद समोर आला की हात आपोआप 'मोठं' चित्र शोधतो. विषय ठरवण्यात तास जायचा, पेन्सिलीत दुसरा तास, आणि रंगाला हात लागेपर्यंत डोळे मिटायला लागायचे.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एका काकांनी हे सोडवलं. काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे कामाची मांडणी त्यांच्या हातात मुरलेली. त्यांनी २२ बाय ३० इंचांचा अख्खा कागद घेतला, मधोमध दुमडला, नखाने घडी दाबली आणि स्टीलची पट्टी ठेवून फाडला. असं चार वेळा केलं की एका कागदाचे सोळा तुकडे होतात, साडेपाच बाय साडेसात इंचांचे. दोन कागदांचे बत्तीस. एकतीस दिवसांचे एकतीस, आणि बत्तिसावा रंग तपासून बघायला. ३० जूनला काकांनी प्रत्येकाला तो गठ्ठा सुतळीने बांधून दिला. त्या जुलैत आमच्यातलं कुणीही गळलं नाही.

तुमच्याकडे आता वीस दिवसांचं काम आणि एक चाचणीचा तुकडा उरला आहे. तारीख कोणतीही असो, पुढच्या कागदावर १२ आकडा घाला आणि तिथून सुरू करा. रात्री झोपताना कागद मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, पाण्याची वाटी भरून ठेवा, ब्रश बाजूला. ही पाच मिनिटांची तयारी आदल्या रात्रीच झालेली असली की सकाळी फक्त बसायचं उरतं. वेळ चाळीस मिनिटं, जास्त नाही. घड्याळ लावा आणि वाजलं की ब्रश धुवा.

आता विषय. तो तुम्ही शोधायला बाहेर जाताय, म्हणून सुचत नाही. सासूबाईंच्या खोलीत तुम्ही दिवसातून किती वेळा जाता? त्यांच्या उशाशी औषधांचा ट्रे असेल, झाकण ठेवलेला पाण्याचा पेला असेल, खिडकी असेल. तो स्टीलचा पेला रोज काढा. सकाळी त्यात खिडकीचा निळसर उजेड असतो, रात्री दिव्याचा पिवळा, पावसाळी दुपारी नुसता करडा, आणि तुम्ही हिरवी साडी नेसून जवळ बसलात तर एक वाकडी हिरवी पट्टी. वीस दिवसांत तो पेला तुम्हाला पुरून उरेल. आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा माणूस इथल्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिला आणि त्याच पाण्याची, त्याच झाडांची चित्रं पुन्हा पुन्हा करत राहिला. कोटितीर्थ मोठं नाही, तासाभरात सगळं बघून होतं. त्यांना ते जन्मभर पुरलं.

त्या मुलीबद्दल एवढंच सांगते. तिच्या चित्रात गालाच्या सावलीला तिने कुठला रंग घातला आहे ते नीट बघा, कळलं नाही तर तिला विचारा. ती आनंदाने सांगेल. एकाच गटात असण्याचा हाच तर उपयोग आहे. आणि सासूबाई जाग्या असतील तर चित्र आधी त्यांना दाखवा.

प्रश्न : मी चिपळूणचा. जुलैत इथे कपडे वाळत नाहीत तिथे जलरंग कसे वाळणार? दुसरा थर दिला की पहिला उखडतो, कडेला फुलकोबीसारखे डाग येतात. गेल्या वर्षीच्या कागदावर तर रंग टाकला की ठिपके ठिपके पडतात. माझं काय चुकतं?

उत्तर : ठिपक्यांपासून सुरू करते, कारण त्यात तुमचा दोष काहीच नाही. जलरंगाच्या कागदाला सरसासारखा एक लेप असतो, तो पाणी वरच्यावर धरून ठेवतो. ओलीत पडून राहिलेल्या कागदाचा हा लेप जागोजागी मरतो. मग तिथे कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. नवा कागद काढलात की कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागद चांगला. लगेच आत मुरला तर तो कागद पेनाला किंवा पेस्टलला वापरा, फेकू नका. चांगले कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, आणि बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत ज्या ओल शोषणाऱ्या पुड्या येतात त्या गोळा करून त्यात टाकायच्या. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, घरात सगळ्यात जास्त ओल तिथेच असते.

फुलकोबीचे डाग घाईमुळे येतात. कागद अर्धवट ओला असताना त्याच्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला दातेरी रेघ उमटते. वरून कागद वाळलेला दिसतो, आतून ओला असतो. तळहाताची मागची बाजू कागदाच्या अगदी जवळ न्या. गार लागलं की थांबायचं. चकाकी गेल्यावर केस वाळवायचं यंत्र वीतभर लांबून फिरवलं तर चालतं. चकाकी असताना फिरवलंत तर रंग वाऱ्याने वाहून जाईल. मी स्वतः दोन कागद शेजारी ठेवते, एक वाळतो तोवर दुसऱ्यावर काम. पॅलेटही ओली असताना मिटू नका, पंख्याखाली उघडी ठेवा, नाहीतर चार दिवसांत रंगावर बुरशी धरते.

पण चिपळूणकर, एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. एप्रिलमध्ये ओल्या कागदावर धुक्यातले डोंगर काढायचे तर दोन मिनिटांत सगळं उरकावं लागतं, कागद भराभर वाळतो. जुलैत तुम्हाला दहा-बारा मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात आभाळ, त्याच्यातून उतरणारा डोंगर, त्याच्या पायथ्याची झाडं, सगळं एकमेकांत विरघळत नेता येतं. वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्याला या दिवसांत समोर दिसतं तेही असंच, कड नसलेलं. थरावर थर देण्याचं काम डिसेंबरसाठी ठेवा आणि हा महिना एकाच ओल्या थरात चित्र संपवायला द्या.

प्रश्न : मी पुण्यात कलाशिक्षण घेतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, रोजच्या चित्रांनी हात उथळ होतो, त्यापेक्षा महिनाभर एकच चित्र करा. मी काय करू?

उत्तर : तुझ्या सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नकोस. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात समई घेतलेल्या मुलीचं एक चित्र आहे. ते राजा रविवर्म्यांचं आहे असं पुष्कळांना वाटतं, पण ते आपल्या सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं आहे. समोर त्यांची मुलगी उभी होती. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड जलरंगात आहे, जिथे एकदा गडद झालेली जागा पुन्हा तशी उजळ होत नाही. मी त्या चित्रापुढे पाऊण तास उभी राहिले होते. असं काम चाळीस मिनिटांत होत नाही, आणि असं काम करायची इच्छा तुझ्यात असायलाच हवी.

पण वर्षाला महिने बारा असतात. एक महिना रोजच्या चित्राला दे, अकरा महिने सरांचं ऐक. जपानचे होकुसाई ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ मध्ये, अनिष्ट टळावं म्हणून दररोज एक सिंह काढत. त्याने त्यांचा हात उथळ झाला नाही. तू मात्र फोटोवरून काढू नकोस. समोर वस्तू ठेव, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बस. उथळपणा येतो तो फोटोची नक्कल करताना, कारण काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

प्रश्न : नाशिकच्या आम्ही सहा मैत्रिणी. रोज संध्याकाळी एकमेकींना चित्रं पाठवतो. सगळ्यांना सगळ्यांची चित्रं 'छान', 'सुंदर', टाळ्या, फुलं. पंधरा दिवसांनी कुणालाच उत्साह उरत नाही. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आम्ही तीन वर्षं वाया घालवल्यावर सापडलेला आहे. 'छान' हा शब्द महिनाभर बंद करा. 'वाईट' सुद्धा बंद. कागदावर पाळी लिहून काढा : आज कुणी कुणाच्या चित्राबद्दल बोलायचं. एकीने एकाच चित्राबद्दल बोलायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या. माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली? आणि कुठे अडकली?

उदाहरण माझंच देते. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडत जातो, वरचा भाग तेवढा दिसत राहतो. तो मी एका रविवारी जीव ओतून काढला. दगडांचे सांधे, शेवाळ, पाण्यातलं प्रतिबिंब. त्या दिवशी माझ्या चित्रावर बोलायची पाळी पाटीवाल्या काकांची होती. ते म्हणाले, 'बाई, माझी नजर पहिल्यांदा डावीकडच्या होडीवर गेली. तिथेच अडकली. मठ मला मागाहून दिसला.' मला वाईट वाटलं. ती होडी मी दोन फटकाऱ्यांत काढली होती. मग चित्र भिंतीला लावून लांबून पाहिलं. होडीचा कागद मी पांढराच सोडला होता आणि तिच्या पोटाशी चित्रातला सगळ्यात काळा रंग होता. पांढऱ्याला काळा खेटून बसला की नजर तिथेच जाणार. कुठल्याही पाटीवाल्याला हे ठाऊक असतं, मी तीस वर्षं मुलांना शिकवूनही ते विसरले होते. दुसऱ्या दिवशी तोच मठ पुन्हा काढला, आणि पांढरा-काळा मठाच्या दाराशी नेला.

रविवारी जमत असाल तर आणखी एक करा. आठवड्याची सगळी चित्रं भिंतीशी ओळीने लावा आणि जिची चित्रं आहेत तिने पहिली पाच मिनिटं गप्प राहायचं. आपण आधी बोललो की समोरची आपलं ऐकून बघते. आधी तिला तिच्या डोळ्यांनी बघू द्या.

प्रश्न : एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रं करून भरपाई केलेली चालते का? (हा प्रश्न यंदा सात जणांनी विचारला आहे.)

उत्तर : नको. दोन चित्रं करायला बसलेला माणूस पहिलं चित्र उरकतो. राहिलेल्या दिवसाचा कागद कोरा ठेवा, मागे तारीख आणि कारण लिहा, पुढे चला.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहत होती. पाणी घरात शिरलं तेव्हा तिने सासऱ्यांना, मुलांना आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन घर सोडलं. रंग, ब्रश, कागदांचा गठ्ठा, सगळं मागे राहिलं. दोन दिवस तिचा निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या घरून तिने आम्हाला एक चित्र पाठवलं. भाच्याच्या वहीचं रेघांचं पान, त्यावर बॉलपेनने काढलेली दोरीवरची ओली चादर, आणि चादरीच्या घड्यांत करड्या-तपकिरी सावल्या. रंग म्हणून तिने कोरा चहा वापरला होता. गडद हवं तिथे दुसऱ्यांदा उकळलेला. त्या दिवशी तिच्या चित्रावर बोलायची पाळी माझी होती. माझी नजर चादरीच्या खालच्या टोकाला गेली, जिथून पाणी निथळत होतं, आणि तिथेच अडकली. मी तिला तेवढंच कळवलं.

महिना संपेपर्यंत तिने चहानेच चित्रं केली. पाणी ओसरल्यावर काकांनी तिला नवे कागद फाडून दिले. म्हणाले, बुडालेली चित्रं पुन्हा करायची असतील तर कर. तिने त्यातले फक्त दोन घेतले, मागे २३ जुलै आणि २४ जुलै असं लिहिलं, खाली 'पाणी' एवढा एकच शब्द, आणि ते तसेच कोरे वहीच्या पानांच्या वर ठेवून सुतळी बांधली.