घोरणे, रक्तदाब आणि रात्रीची लघवी

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४ आहे. ते बरीच वर्षे मोठ्याने घोरतात. मध्येच घोरणे थांबते, मी मनात पंधरा-वीस अंक मोजते आणि मग ते गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात, परंतु साखर व प्रोस्टेटच्या तपासण्या ठीक आल्या. तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नाही. गेल्या आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला. यांचा एकमेकांशी संबंध असेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही अंक मोजलेत हे फार बरे केलेत, कारण रुग्णाला स्वतःला यातले सहसा काही आठवत नाही. वर्णनावरून हा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया वाटतो. यात झोपेत जीभ व टाळूचे स्नायू सैलावून घसा मिटतो. श्वास दहा सेकंद वा अधिक थांबला की तो एक खंड धरतात. तासाला असे ३० किंवा त्याहून अधिक खंड पडत असतील तर विकार तीव्र समजला जातो.

लघवीचे कोडे मात्र मूत्राशयात नसून छातीत आहे. घसा मिटलेला असताना छाती जोर लावून श्वास ओढत राहते, त्या ओढीने हृदयाकडे जास्त रक्त खेचले जाते आणि हृदयाचा उजवीकडचा वरचा कप्पा (कर्णिका) ताणला जातो. शरीरात पाणी फार झाले आहे अशी हृदयाची समजूत होते आणि ते मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक सोडते. प्रोस्टेटच्या गोळ्या खाऊन कंटाळलेल्या काही रुग्णांचे मूळ दुखणे हेच निघते.

रक्तदाबाचेही तसेच. एरवी तो झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. येथे मात्र प्राणवायू घटला की मेंदू क्षणभर जागा होतो, अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि रात्रभर चाललेला हा ताण पुढे दिवसाही टिकतो. हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होणे यांचा धोकाही वाढतो.

कान-नाक-घसा किंवा छातीरोगतज्ज्ञांना दाखवून झोपेची तपासणी करून घ्यावी. निदान पक्के झाल्यास सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. ही पद्धत ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत पुढे आणली. मास्कची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या रात्रीच्या वैतागाने यंत्र कपाटात ठेवू नये. झोपेची गोळी परस्पर देऊ नये आणि मद्य टाळावे, कारण दोन्हींनी घसा अधिक सैलावू शकतो. उपचाराने दिवसाची झोप आटोक्यात येईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी आणि मोबाईलवर टिपलेला त्यांच्या झोपेचा पाच मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्यावा.