सत्तरीनंतर ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना आधी हे बघा

काका, सगळ्यात आधी प्रीमियम बघूच नका. आधी बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी, चालू गोळ्या, सगळं फॉर्मवर खरं खरं लिहा. एजंट म्हणेल राहू द्या, प्रीमियम वाढेल, तरी लिहाच, कारण क्लेम आला की कंपनी जुने मेडिकल रेकॉर्ड मागवते आणि लपवलेलं सापडलं तर क्लेम नाकारू शकते, मग हॉस्पिटलचं बिल तुमच्या गळ्यात. आणि आजार लिहिला म्हणजे कव्हर झाला असंही नाही हं, पॉलिसीत तो कव्हर आहे का, का फक्त जीवावर बेतलं तरच, हे लेखी विचारून घ्या. नुसती गोळी किंवा डोस नुकताच बदलला असेल तरी काही पॉलिसी तो आजार वगळतात, तेही विचारा.

दुसरं, मोठ्या वयात वर कव्हरचा आकडा मोठा दिसतो पण आत सब-लिमिट असतात, खोलीभाडं, आयसीयू, ऑपरेशन प्रत्येकाला वेगळी मर्यादा, हे मला सगळ्यात घातक वाटतं. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं, पण ते व्हिसापुरतं झालं, मोठ्या आजारपणाला कमी पडू शकतं. मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे गंभीर आजारात योग्य हॉस्पिटलात हलवायचा खर्च, असायलाच हवं.

सामान हरवलं वगैरे गौण आहे. पॉलिसी बुकिंग झाल्या झाल्या घ्या, म्हणजे निघायच्या आधी आजारी पडलात तर कॅन्सलेशन कव्हर असेल तर उपयोगी पडतं. हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून काकूंकडेही द्या, आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर जमेल तितक्या लवकर तिथे फोन करायला सांगा.