कुत्र्याला सिग्नल कळतो का हो?

प्रश्न: माझ्या मावसभावाची नजर हळूहळू गेली, आता त्याला गाईड डॉग मिळणारे. घरात सगळ्यांना एकच टेन्शन, रस्ता कसा ओलांडणार? सिग्नल हिरवा झाला की निघायचं हे कुत्र्याला शिकवतात का? आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

उत्तर: नाही शिकवत. कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळतच नाही, निळा-पिवळा त्यातल्या त्यात बरा दिसतो. कधी निघायचं ते तुमचा भाऊच ठरवणार, कानाने. आपण ज्या दिशेने चाललोय त्याच दिशेच्या गाड्या बाजूने सुटल्याचा आवाज आला की आडव्या गाड्या बहुतेक थांबल्यात, मग तो "फॉरवर्ड" म्हणणार. म्हणून कुत्रा यायच्या आधी पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडायची प्रॅक्टिस पक्की पाहिजे, ती नसेल तर कुत्रा काय करणार बिचारा.

कुत्र्याचं पहिलं काम म्हणजे फुटपाथची कड आली की थांबणं, दर वेळी, रस्ता रिकामा असला तरी. ट्रेनर शेकडो वेळा त्याच्यासोबत कडेपर्यंत जातो, थांबला की शाब्बासकी, खाऊ. मग सरळ पलीकडे जायचं, तिरकं नाही, आणि पलीकडची कड आली की परत थांबायचं.

खरी गंमत पुढे आहे. ट्रेनिंगमध्ये दुसरा एक ट्रेनर मुद्दाम गाडी आडवी आणतो, आधी हळू, आणि कुत्र्यासोबतचा ट्रेनर एकदम थांबून मागे सरकतो, असं करत करत कुत्र्याला कळतं की गाडी जवळ आली की थांबायचं किंवा मागे व्हायचं. मग उलटं करतात, गाडी येत असताना ट्रेनर स्वतःच "फॉरवर्ड" म्हणतो आणि कुत्र्याने हललंच नाही पाहिजे. एरवी सगळं ऐकणाऱ्या कुत्र्याला इथे मात्र न ऐकल्याबद्दल शाब्बासकी मिळते. मला विचाराल तर सगळ्या ट्रेनिंगमधला सगळ्यात अवघड भाग हाच, कारण कुठे ऐकायचं नाही हे त्याचं त्याला कळायला लागतं. थोडक्यात निघायचा निर्णय माणसाचा, कुत्र्याकडे फक्त नकार.

इलेक्ट्रिक गाड्यांचं म्हणाल तर हो, त्या त्रासदायकच, हळू चालत असल्या की कानाला नीट कळतच नाहीत. युरोपात २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना कमी स्पीडला आवाज करणं कम्पल्सरी आहे, पण जुन्या गाड्या आहेतच ना रस्त्यावर.

आणि रस्ता कसा ओलांडणार ही भीती नवी नाही बरं का. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन अमेरिकेत परतला तेव्हा न्यूयॉर्कच्या रिपोर्टरांनी त्याला सगळ्यात डेंजर रस्ता ओलांडून दाखव म्हणून चॅलेंज दिलं होतं, त्याने दाखवला.

प्रश्न: मग आम्ही सोबत असताना मदत कशी करायची?

उत्तर: आधी विचारा. "चला चला, आलं रिकामं" असं ओरडू नका आणि हार्नेसला, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या मूठवाल्या पट्ट्याला, तर हातच लावू नका. कुत्रा सहसा डावीकडे असतो म्हणून तुम्ही उजवीकडे उभं राहा आणि भाऊ हो म्हणाला तर त्याला तुमचं कोपर धरू द्या.